गाजर गवतावर भुंगे सोडले, त्याचा अनुभव

गाजर गवतावर मेक्सिकन भुंगे सोडायचं ठरवलं, तेव्हा माझी सगळ्यात जास्त ताकद गेली ती गवत राखण्यात. भुंगे मिळवणं, आणणं, सोडणं ही कामं त्यामानाने सोपी. पण ज्या गवताच्या नावाने अख्खं गाव बोटं मोडतं, ते ऐन पावसाळ्यात कुणी उपटू नका, कापू नका, त्यावर फवारू नका, असं सांगत दारोदार फिरायचं म्हणजे लोक तोंडाकडेच बघतात. भुंग्याचं पोट त्याच गवतावर भरतं आणि त्याची पिल्लंही त्यावरच वाढतात. तेच काढून टाकलं तर भुंगा टिकणार कशावर, ही साधी गोष्ट पटवून द्यायला मला पहिला हंगाम पुरला नाही.

आमचं गाव मराठवाड्यात, बालाघाटच्या डोंगराखाली. जमीन हलकी ते मध्यम, खरिपाला सोयाबीन आणि तूर, विहिरीला पाणी टिकलं तर ज्वारी-हरभरा. आमच्या शेताला लागून गायरान आहे आणि त्यातून पाणंद जाते. त्या पाणंदीच्या दोन्ही अंगांना, शाळेच्या कुंपणाला, स्मशानभूमीकडे जाणाऱ्या वाटेवर, जिथे म्हणून नांगर फिरत नाही तिथे गाजर गवत. मृगाचा पाऊस पडला की आठवड्याभरात जमिनीला चिकटलेली कातरलेल्या पानांची रोपटी दिसायला लागतात. महिना-सव्वा महिन्यात त्यांना पांढरी फुलं येतात. एका चांगल्या पोसलेल्या झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बिया धरतात आणि त्या इतक्या हलक्या, की वारा, ओढ्याचं पाणी, बैलाचे खूर, ट्रॅक्टरची चाकं, सगळ्यांबरोबर प्रवास करतात. विळ्याने कापलं तर बुडख्यातून परत फुटतं. उपटायचं तर फुलं येण्याआधी, मुळासकट, हातमोजे घालून. एखाद्या बांधाला ते जमतं, गायरानाला जमत नाही.

पुण्यात १९५५ साली या तणाची नोंद झाली. अमेरिकेच्या गव्हाबरोबर ते आलं, असं आमच्याकडे म्हातारी माणसं सांगतात. कसंही आलं असो, त्याचं मूळ गाव मेक्सिको आणि त्याच्या आसपासचा प्रदेश. तिकडे त्याला कुरतडणारे किडे आहेत, त्याच्यावर पडणारे रोग आहेत. इकडे नुसतं बी आलं, वैरी तिकडेच राहिले. जनावरं त्याला तोंड लावत नाहीत आणि भुकेपोटी लावलंच तर दुधाला कडवट चव येते.

माझ्यासाठी हा विषय आबांच्या अंगावरून सुरू झाला. आबा म्हणजे माझे सासरे. सगळं आयुष्य रानात गेलेला माणूस. त्यांच्या मानेवर, पापण्यांवर, कोपराच्या आतल्या बाजूला कातडी जाड, काळी आणि खवल्यासारखी झाली होती. खाजवून खाजवून रक्त यायचं. रात्री झोप नाही. त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिलं, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, की गाजर गवतापासून लांब राहा. त्या गवतात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं, त्याची ही ॲलर्जी आहे, एकदा लागली की पुन्हा पुन्हा उसळते. आबा घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत. ओसरीवर टेकले आणि म्हणाले, "सुनबाई, लांब म्हंजी कुठं जाऊ गं?"

त्याच वर्षी कृषी विज्ञान केंद्रात तणांवरचं प्रशिक्षण होतं. कीटकशास्त्राचे सर बोलायला उभे राहिले आणि त्यांनी सुरुवातच सूत्रकृमीपासून केली, म्हणजे मातीत राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या दोऱ्यासारख्या बारीक जीवापासून. सूत्रकृमी म्हटल्यावर आम्हा शेतकऱ्यांना टोमॅटोच्या आणि डाळिंबाच्या मुळांवरच्या गाठी आठवतात. आपलं नुकसान करणारा तो जीव. सरांनी सांगितलं, की काही सूत्रकृमी तणांच्याही मागे लागतात आणि माणसाने त्यांना मुद्दाम कामाला लावून पाहिलं आहे. कॅनडात रशियन नॅपवीड नावाचं एक चिवट तण आहे. १९७६ मध्ये तिथे सोव्हिएत संघातून एक सूत्रकृमी आणून सोडला. तो त्या तणाच्या खोडावर आणि पानांवर गाठी करतो. गाठ वाळली की आतली पिल्लं सुकून निपचित पडतात आणि तशीच वर्षानुवर्षं जिवंत राहतात. गाठ ओल्या मातीत कुजली की ती बाहेर पडतात आणि मातीतून वर येऊ पाहणारा कोवळा कोंब गाठतात. हे सगळं ओलीवर अवलंबून. सूत्रकृमी पाण्याच्या पातळ थरातूनच सरकू शकतो, माती कोरडी असली की त्याची हालचालच थांबते. त्यामुळे कोरड्या माळावर त्याचा म्हणावा तसा उपयोग झाला नाही. टेक्सासमध्ये असाच दुसरा एक सूत्रकृमी रानवांग्यासारख्या एका काटेरी तणाच्या पानांवर गाठी करतो, त्यावरही काम झालं. पण ते तण वांग्याच्याच कुळातलं. म्हणजे वांग्याला त्याची बाधा होते का, हे तपासल्याशिवाय तो दुसऱ्या मुलखात नेणं धोक्याचं.

मी उभी राहून विचारलं, "सर, मग आपल्या गाजर गवताला असा कृमी नाही का?"

सर म्हणाले, "ताई, आपल्याकडे वापरायला तयार आहे तो भुंगा आहे. त्याचंही गणित ओलीचंच आहे, ते नीट समजून घ्या."

त्या भुंग्याचं शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकोलोराटा. १९८३ मध्ये तो मेक्सिकोहून बंगळूरच्या फलोत्पादन संशोधन संस्थेत आणला. आपल्या पिकांवर तो जगतो का, याच्या चाचण्या बंदिस्त जागेत झाल्या आणि १९८४ मध्ये तो बाहेर सोडला. हे सरांनी सांगितलं तेव्हा मला सगळ्यात जास्त दिलासा त्या बंदिस्त चाचण्यांनी दिला. परका जीव आणायचा तर आधी कोंडून तपासायचा, ही शिस्त नसती तर मी या वाटेला गेले नसते.

गावात आल्यावर पहिला आडवा प्रश्न आला तो शेजारच्या नानांचा. नानांचं सूर्यफूल असतं. कुठून तरी त्यांच्या कानावर आलं होतं, की हा भुंगा सूर्यफूल खातो. ते उगाच बोलत नव्हते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात सूर्यफुलाच्या पानांवर हे भुंगे दिसले होते आणि मोठा गदारोळ झाला होता. पुढे बंगळूरच्याच संशोधकांनी १९९३ मध्ये दाखवलं, की सूर्यफुलाच्या पानांवर गाजर गवताचे परागकण पडले होते आणि त्यांच्यामुळे भुंगे ती पानं कुरतडत होते. मी नानांना हे जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "कागदावरचं मला सांगू नको. माझ्या पिकाला डाग लागला तर?" त्यांचं बरोबर होतं. म्हणून भुंगे सोडायच्या जागेच्या कडेला मी माझ्याच रानात सूर्यफुलाची एक ओळ टोकली आणि नानांना म्हटलं, तुमच्या आधी माझं जाऊ द्या. ती ओळ आम्ही दोघांनी हंगामभर बघितली. काही पानांना बारीक कुरतडल्याच्या खुणा सापडल्या. अंडी किंवा अळी एकही सापडली नाही. कणसं चांगली भरली.

भुंगे विकत आणावे लागले नाहीत. सरांनी दुसऱ्या तालुक्यातल्या एका तलावाच्या भिंतीचा पत्ता दिला, तिथे ते आधीच स्थिरावले होते. पुनर्वसू नक्षत्र लागलं होतं. सकाळी सकाळी गेले, कारण ऊन चढायच्या आत भुंगे सुस्त असतात. छत्री उलटी करून झाडाखाली धरायची आणि झाड हलवायचं. हात लागला की ते पाय आखडून खाली पडतात आणि थोडा वेळ मेल्यासारखे राहतात. भुंगा सहा मिलिमीटरच्या आसपास, पाठ मळकट पांढरी, त्यावर तपकिरी उभ्या वेड्यावाकड्या रेघा, डोकं तपकिरी. एकदा बघितला की दुसऱ्या कशाशी गल्लत होत नाही. झाकणाला बारीक भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यांत गाजर गवताचे कोवळे शेंडे घातले, त्यात भुंगे सोडले. डब्यात पाण्याचा थेंब राहू द्यायचा नाही आणि डबा उन्हात ठेवायचा नाही. एका जागी पाचशे ते हजार भुंगे सोडावेत असं सरांचं सांगणं होतं. ओंजळभर नेऊन दहा ठिकाणी विखुरले तर नर-मादीची गाठही पडत नाही. म्हणून मी सगळे एकाच ठिकाणी सोडले, गायरानाच्या उताराला, जिथे रोपं गुडघ्याएवढी होती आणि फुलावर आलेली नव्हती.

संध्याकाळी डबे उघडले. भुंगे शेंड्यांवर चढले, इकडेतिकडे पसरले आणि पुढचे काही दिवस काहीच घडत नाहीये असं वाटायला लागलं. पानांना मोठाली भोकं पडली खरी, पण गवत जोरात वाढत होतं. गावातली पोरं येऊन विचारायची, "काकू, भुंगे उडाले का?" मी पानं उलटी करून दाखवायची. मागच्या बाजूला पिवळसर-केशरी, लांबट, टाचणीच्या टोकाएवढी अंडी. कुठे एकेकटी, कुठे चार-पाच जवळजवळ. चार-पाच दिवसांत ती फुटतात.

खरं काम अळीचं असतं, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. अंड्यातून निघालेली बारीक अळी मोठ्या पानांच्या नादी लागत नाही, ती सरळ शेंड्यात शिरते. एक शेंडा मी नखाने हलकेच उलगडून बघितला. दुमडलेल्या कोवळ्या पानांच्या मधोमध, जिथे पुढची कळी धरणार, तिथेच तिघी-चौघी बसलेल्या आणि कळीच्या जागी करडा भुगा. बगलेतल्या फुटव्यांचीही तीच गत. झाड जिवंत असतं, हिरवंही असतं, पण त्याला वर जाता येत नाही आणि फुलावर येता येत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं भुंगे पानं खातात, म्हणून तो पानांची भोकं मोजतो. मोजायची ती फुलं. मोठी झाल्यावर अळी पानांवर येते आणि मग झाडाचा नुसता सांगाडा राहतो. अंड्यातून निघाल्यापासून दहा-पंधरा दिवसांत अळी पूर्ण वाढते, पिवळी पडते, खोडावरून खाली उतरते आणि मातीत शिरून कोष करते. आठवडा-दीड आठवड्यात मातीतून नवा भुंगा. अंड्यापासून भुंग्यापर्यंत साधारण महिना धरायचा.

म्हणजे पावसाळ्यात तीन-चार पिढ्या, आणि प्रत्येक पिढीचा एक मुक्काम मातीत. मला जमीन हलवू न देण्याची एवढी काळजी का होती ते यावरून कळेल. नेमकं तेव्हाच, ऑगस्टमध्ये, गाजर गवत निर्मूलन सप्ताह येतो, १६ ते २२ तारखेचा. जबलपूरच्या तण संशोधन निदेशालयाच्या पुढाकाराने देशभर तो साजरा होतो आणि तो हवाच. पण आमच्याकडे ठरलं, की गायरानापासून सुरुवात करायची आणि शक्य असेल तिथे तणनाशक मारायचं. मी ग्रामसभेत उभी राहिले. अळ्या लागलेलं झाड हातात घेऊन गेले होते. म्हटलं, शाळा घ्या, दवाखाना घ्या, पाणंदीची गावाकडची बाजू घ्या, तिथे माणसांचा वावर आहे, तिथलं उपटायलाच पाहिजे. उताराचा तेवढा पट्टा सोडा. बराच वेळ वाद झाला. एकाने विचारलं, की मग गवत वाढवायला सरकारने सप्ताह पाळायचा का. शेवटी आबा उठले. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, कोपर दाखवलं आणि म्हणाले, "मला ह्या गवताचा जेवढा राग आहे तेवढा इथं कुणाला नसंल. मी म्हणतो, त्या पट्ट्याला हात लावू नका." पट्टा राहिला. एका बाजूने कुणीतरी फवारलंच. तिथलं गवत करपलं, त्यावरच्या अळ्या उपाशी मेल्या आणि पुढच्या पावसाला तिथे मोकळ्या जमिनीवर नवीन रोपं उगवली.

मघा नक्षत्रात भुंग्यांची संख्या एकदम वाढली. तोवर शोधावे लागत होते, आता झाडागणिक दिसायला लागले. पोळ्यापर्यंत उताराचा पट्टा तपकिरी पडला. उभ्या काड्या, त्यांना चिकटलेले पानांचे शिरांचे तुकडे, खाली मातीत बारीक बारीक भोकं. भुंगे तिथून उठून पाणंदीकडे सरकले, एका झाडावर दहा-दहा, वीस-वीस. पक्षी त्यांना फारसे खाताना दिसले नाहीत. मुंग्या आणि कोळी मात्र अळ्या उचलतात, आणि एक चोच असलेला ढेकण्या अळीत चोच खुपसून तिला शोषतो. ते बघून वाईट वाटतं, पण त्यावर काही करण्यासारखं नाही.

इथवरचं ऐकून लोक खूश होतात. पुढचं सांगितलं की चेहरे उतरतात. पण ते सांगितल्याशिवाय कुणाला भुंगे द्यायचे नाहीत असा माझा नेम आहे. हस्ताचा पाऊस सरला, हवा कोरडी झाली आणि भुंगे जमिनीत उतरले. नोव्हेंबरपासून मे संपेपर्यंत ते मातीत सुप्तावस्थेत राहतात. गाजर गवताला मात्र झोप नाही. त्याला ओल मिळाली की ते बाराही महिने उगवतं. विहिरीच्या आसपास, ठिबकच्या नळ्यांखाली, हरभऱ्याच्या कडेने ते हिवाळ्यात निर्धास्त फुललं. त्याला खाणारं कुणी वर नव्हतं. पावसाळ्याच्या सुरुवातीलाही हाच पेच. गवत पहिल्या सरीला उगवतं, भुंगे मातीतून येतात थोडे थोडे आणि त्यांची फौज तयार होईपर्यंत गवताची पहिली खेप फुलून, बी टाकून मोकळी होते. भुंगा उशिरा पोचतो, ही या पद्धतीची मोठी उणीव. सावलीतल्या झाडांवरही तो कमी रमतो, असं माझ्या पाहण्यात आहे.

म्हणून दुसऱ्या वर्षापासून मी जाळी लावते. लोखंडी सळयांच्या चौकटीवर मच्छरदाणीचं कापड, चारी बाजूंनी मातीत दाबलेलं, आत गाजर गवताची उगवण. हंगामाच्या शेवटी त्यात भुंगे सोडायचे, ते तिथेच मातीत उतरतात. मेमध्ये आत पाणी शिंपडायला सुरुवात करायची. माती भिजली की गवत उगवतं आणि काही भुंगे पावसाची वाट न बघता वर येतात. त्यांची एक पिढी जाळीतच काढायची आणि मृगाचं गवत चार-सहा पानांवर आलं, की भुंगे, अळ्या, अंडी असलेली झाडंच्या झाडं उपटून नेऊन गायरानात ठेवायची. अळ्या आपोआप शेजारच्या हिरव्या रोपांवर चढतात. यामुळे भुंग्यांची आणि गवताची गाठ लवकर पडते. सगळी फुलं थांबत नाहीत, पण पहिल्या खेपेचं बी बरंच कमी पडतं.

दुसरी जोड तरोट्याची. तरोटा आपलाच, पावसाळ्यात दाट उगवतो, त्याची कोवळी पानं भाजीला चालतात. हिवाळ्यात त्याच्या शेंगा वाळल्या की बी गोळा करायचं आणि वळवाच्या पावसाआधी गाजर गवताच्या जागी फेकायचं. भुंग्यांनी गवत खुजं केलं आणि वरून तरोट्याची सावली पडली, की गवताला डोकं वर काढता येत नाही. नुसते भुंगे सोडलेल्या पट्ट्यात आणि तरोटा टाकलेल्या पट्ट्यात फरक मला लांबूनही ओळखता येतो. विहिरीपाशी आणि पिकात मात्र आम्ही हातानेच उपटतो, हिवाळाभर, फुलाच्या आधी. आबांना त्या कामाला येऊ देत नाही.

आबांची खाज पूर्ण गेलेली नाही. भादव्यात अजून उसळते. पण उताराच्या बाजूने ते परत रानात जायला लागलेत, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मानेला पंचा गुंडाळून.

आता भुंगे आपणहून ओढ्याकाठाने शेजारच्या गावात पोचलेत आणि तिथली माणसं डबे घेऊन आमच्याकडे येतात. मी त्यांना आधी विचारते, की सोडणार कुठे आणि ती जागा राखणार कोण. एका बचत गटाच्या बायकांनी पाळी लावून पट्टा राखायचं कबूल केलं, त्यांना भरपूर दिले. एकाने सांगितलं, की आधी फवारून घेतो मग सोडतो, त्याला रिकाम्या डब्याने परत पाठवलं आणि पुढच्या पावसाला ये म्हटलं.

यंदा नानांनी बांधावरचं तरोट्याचं बी स्वतः झोडून पोत्यात भरून ठेवलंय. सूर्यफुलाच्या शेजारची पट्टी द्यायलाही ते तयार आहेत, फक्त भुंगे सोडताना समोर उभं राहून बघणार म्हणालेत. मेच्या दुसऱ्या आठवड्यात जाळीवर पाणी सुरू करायचं आहे, त्याआधी एका बाजूचं फाटलेलं कापड बदलून घ्यायला हवं.